अर्धा कापलेला डोंगर

नवी मुंबईतल्या दिघ्याच्या एका पोराने मला एकदा डोंगर काढून दाखवला आणि मी तो त्याला खोडायला लावणार होते. एलिमेंटरी ह्या सरकारी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्राची प्रॅक्टिस चालू होती, विषय निसर्गदृश्य, आणि वर्गातल्या पन्नासेक पोरांनी नेहमीप्रमाणे दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी आणि एक नारळ असं काढलेलं. (यावर लोक हसतात, मी हसत नाही, कारण कळव्याला सूर्य खरंच पारसिकच्या डोंगरामागून उगवतो, गॅलरीतून रोज दिसतो, त्यामुळे आमच्या पोरांना तरी तो सूर्य माफ.) ह्या पोराचा डोंगर मात्र एका बाजूने सरळसोट कापलेला. खरवसाची वडी सुरीने कापावी तसा. खाली पायऱ्या पायऱ्या, त्यावर पिवळं पोकलेन आणि आभाळात पेन्सिल आडवी घासून केलेली धूळ. मी विचारलं हे काय रे, म्हणे डोंगर. असा असतो का डोंगर? तर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे असाच आहे."

त्याचे वडील आधी क्वारीत होते, नंतर खडीच्या गाडीवर. रबर माझ्या हातात होतं. बेल झाली म्हणून तो डोंगर वाचला, माझ्या शहाणपणामुळे नाही, हे आधीच सांगून टाकते कारण पुढे मी बरंच शहाणपण शिकवणार आहे.

त्या पेपरचं नाव बघा ना, स्मरणचित्र. स्मरण कोणाचं? पोराचं असायला पाहिजे ना. पण बाजारात गाइड मिळतात, त्यात फुगेवाला, भाजीवाली, पाठमोरी बाई, सायकलवरचा माणूस अशा रेडीमेड फिगर असतात, पोरं त्या पाठ करतात आणि विषय कुठलाही आला तरी त्याच सहा माणसांना इकडून तिकडे बसवतात. आई-वडील मला सरळ विचारतात, मॅडम कुठल्या फिगर पाठ करून घेताय. म्हणजे जे पोरगं खरंच स्मरणातून काढतं त्याचंच चित्र चुकीचं वाटावं अशी सगळी सोय आपणच करून ठेवलीये.

आता सगळीकडे बोललं जातं की कलाशिक्षण मुलाच्या गरजेप्रमाणे पाहिजे, त्याच्या संस्कृतीला धरून पाहिजे. २०२०च्या शैक्षणिक धोरणात कलेच्या अंगाने विषय शिकवा असं आहे, २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कला हा एक स्वतंत्र विषय धरलाय, चित्र, संगीत, नृत्य, नाटक सगळं, आणि स्थानिक कलांवर भर द्या असंही म्हटलंय. वाचायला छान वाटतं. मी एटीडी (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) करून पंधरा वर्षं ह्यात आहे, आधी शाळेत तासिकेवर, आता ऐरोलीत स्वतःचा क्लास आणि मधूनमधून शिबिरं, आणि माझं म्हणणं असं आहे की ह्या "संस्कृतीला धरून"चा अर्थ आपण फार सोपा आणि फार आळशी लावलाय. पोराचं आडनाव बघायचं, गाव विचारायचं आणि त्याप्रमाणे त्याच्या हातात एक कला ठेवून द्यायची. आदिवासी आहे ना, मग वारली. आगरी-कोळी आहे ना, मग गॅदरिंगला कोळी डान्स. हे काय वेगवेगळ्या गरजा ओळखणं नाही झालं, हे डबे लावणं झालं, आणि आधी सगळ्यांसाठी एकच मोठा डबा होता, आता छोटे छोटे केले एवढाच फरक.

येऊरच्या पोराचं सांगते. ठाण्यात तलावपाळीजवळ उन्हाळी शिबिर होतं, येऊरच्या पाड्यावरचा एक बारा वर्षांचा मुलगा आलेला. आयोजकांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, हा वारली आहे हं, ह्याच्याकडून एक मोठं वारली पेंटिंग करून घ्या, समारोपाला स्टेजच्या मागे लावू." त्याने केलं पण, तीन दिवस गप बसून केलं, सुंदर केलं. चौथ्या दिवशी हळूच येऊन विचारतो, मॅडम बस कशी काढायची, लांब जाणारी. टीएमटीची बस, येऊरला वर चढते ती. वळणावर मागचा भाग आपल्याकडे असतो तो मोठा दिसतो आणि पुढचा बारीक होत जातो, ते कसं काढतात? प्रश्न किती नेमका आहे बघा. वारलीत हे नाहीच आहे, तिथे लांबचं माणूस आणि जवळचं माणूस एकाच मापाचं असलं तरी काही बिघडत नाही, तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी अख्खी रांग वरून बघितल्यासारखी गोल गुंडाळत जाते आणि तीच माणसं त्याच वेळी समोरून बघितल्यासारखी उभी पण असतात. ते एक डोकं आहे बघण्याचं, पूर्ण. पण ह्या पोराला दुसरं डोकं पण हवं होतं. मी त्याला स्केल दिली, कागदावर एक टिंब दिलं आणि सांगितलं की सगळ्या रेषा इथे येऊन मिळणार. दोन तास हलला नाही.

मला वाटत होतं की बसच्या खिडक्यांत तो शेवटी वारलीची त्रिकोणी माणसं बसवेल. खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं, फोटो छान आला असता. त्याने नाही बसवली. काचा काढल्या, शिडी काढली, मागची नंबर प्लेट काढली. समारोपाला स्टेजमागे वारलीच लागली, बस नाही लागली.

आणि ज्या परंपरेच्या नावाने आपण पोराला बांधतो ती तरी कुठे एका जागी बसलीये? डहाणू-तलासरीचा तो सगळा पट्टा २०१४ पर्यंत आमच्या ठाणे जिल्ह्यातच होता, मग पालघर वेगळा झाला. तिथे वारली चित्र म्हणजे मुळात लग्नातला चौक. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, सवाष्णींनी काढायचा, मधोमध पालघट देवी आणि सोबत लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी. लग्न असेल तेव्हाच, आणि बायकांनीच. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन त्या भागात गेले आणि मग गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी, पुरुष असून, लग्न नसताना, रोज चित्रं काढायला घेतली, मासे पकडणारी माणसं, मुंग्यांची वारुळं, शेतं, जाळी. २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ला ते गेले. त्यांना कोणी म्हटलं असतं की अहो हे तुमच्या रीतीत बसत नाही, तर आज फ्लायओव्हरच्या खांबांवर आणि कुर्त्यांवर जे दिसतं त्यातलं काहीच नसतं (कुर्त्यांवर नसतं तर माझी हरकत नव्हती म्हणा).

दुसरा प्रकार सीबीएसईवाल्यांचा. "एक भारत श्रेष्ठ भारत" ह्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात राज्यांच्या जोड्या लावल्यात, महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना प्रोजेक्टमध्ये ओडिशा आणावं लागतं. कल्पना वाईट नाही. होतं काय की पोरगं शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जातं, ओडिशा म्हटल्यावर तो न बघता सांगतो, सेट आहे, कलर प्रिंट, पट्टचित्र, कोणार्क, ओडिसी, रसगुल्ला. आई रात्री साडेदहाला ते चिकटवते, वर ग्लिटर. सकाळी प्रोजेक्ट जमा. क्लासच्या एका मुलाला मी विचारलं की तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणी ओडिया नाहीये का, तर म्हणाला, "आहेत ना, चौथ्या मजल्यावर, पण त्यांचा काय संबंध?"

त्याच काकूंना मी बोलावलं मग क्लासला. त्या येताना वाटीत तांदळाचं पातळ पीठ घेऊन आल्या, फडक्याचा बोळा त्यात बुडवला आणि बोटांतून ओघळ सोडत सोडत सरळ फरशीवर वेल काढली, लक्ष्मीची पावलं काढली. झोटी म्हणतात त्याला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी काढतात. आमच्या बायका तर बघतच राहिल्या, कारण मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे आपल्याकडे घट मांडून महालक्ष्मीची पूजा, चौथा मजला आणि दुसरा मजला एकाच वाराला एकाच देवीचं करतात आणि दहा वर्षांत एकमेकींना माहीत नाही. मग एका तमिळ मुलीची आजी म्हणाली आमच्याकडे पिठाने कोलम, आधी ठिपके मग रेषा, ते आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीच्या जवळचं. बंगाली मुलाच्या घरी अल्पना. आणि मी त्यांना वारलीचा चौक दाखवला. सगळीकडे तांदूळ. पण हात प्रत्येकाचा वेगळा, ओडिया काकू बोटाने ओल्या पिठाचा ओघळ सोडतात, आजी कोरडं पीठ चिमटीतून सोडते, वारलीत काडी. मी पोरांना तिन्ही करायला लावलं. ज्याच्या घरचं जे नव्हतं ते आधी. तमिळ मुलीने काडी घेतली आणि वैतागली, कारण तिच्या चिमटीला जे सहज येतं ते काडीला येईना. कोकणातल्या एका मुलाने ओघळ इतका सुंदर सोडला की काकूंनी विचारलं कुठे शिकलास, तर म्हणे मी घावणे घालतो.

वर्गात वेगवेगळी पोरं असतात ती अशी असतात. घावणे घालणारा हात हा माझ्या दृष्टीने त्याची संस्कृती आहे आणि तो त्याच्या आडनावावरून मला कधीच कळला नसता.

आता ग्रेड परीक्षांबद्दल. मी त्यांच्या विरोधात नाही, उगाच तसा अर्थ काढू नका. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटमुळेच महाराष्ट्रात खेड्यापाड्यातल्या पोरांना वस्तू समोर ठेवून बघायची सवय लागली, मडकं, बाटली, कापडाची चुणी, हे डोळ्याचं व्यायामशाळेसारखं काम आहे आणि ते सगळ्यांनी करावं. ह्या परीक्षांचं हाड ब्रिटिश काळातलं आहे, मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ला सुरू झालं तेव्हा सरकारला रेष आणि भूमिती नीट असलेले कारागीर हवे होते, त्याची छाप अजून आहे. प्रॉब्लेम परीक्षेपेक्षा तिच्या मार्कांचा झालाय. इंटरमिजिएटला ए आली की दहावीला ७ मार्क, बी ला ५, सी ला ३, म्हणून आठवी-नववीत सगळे धावतात आणि क्लासवाले (त्यात मी पण आले) सगळ्यात सुरक्षित रस्ता शिकवतात. सुरक्षित म्हणजे सगळ्यांसाठी एकच.

मुंब्र्याची एक मुलगी होती माझ्याकडे. संकल्पचित्राच्या, म्हणजे डिझाइनच्या, सराव पेपरात मी तिला सी दिला, कारण चौकोनाच्या एका कोपऱ्यातून वेल निघून तिरकी दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली आणि तोल कुठेच नाही. वर पेन्सिलच्या खुणा पण नाहीत, सरळ काढलंय. मी ओरडले की आधी कच्चं का नाही काढत, रबर कशाला आहे? ती म्हणाली, "मॅडम, कोन में रबर कहां होता है." तेव्हा माझी ट्यूब पेटली. ही मेंदी काढणारी मुलगी. ईदच्या आदल्या रात्री चाळीस-पन्नास हात करते, पैसे घेऊन. मेंदीत ओढलेली रेष ही ओढलेली रेष, परत नाही. आणि मेंदी मनगटाकडून बोटाकडे वाढत जाते, परीक्षेतलं डिझाइन मधून बाहेर जातं, म्हणजे ती चुकत नव्हती, ती चौकोनाला तळहात समजत होती. मग मी तिला विचारलं, तळव्याच्या मधे गोल काढता ना त्याला काय म्हणता? टिक्की. मग टिक्की काढ चौकोनाच्या मधे आणि तिथून बाहेर ये. दहा मिनिटांत आलं तिला. जे मी इतर पोरांना कंपास, कर्ण, आठ भाग असं तीन आठवडे शिकवते ते तिच्या हातात आधीपासून होतं, मीच चुकीच्या दारावर टकटक करत होते.

पण सपाट पोस्टर कलर लावणं तिला येत नव्हतं. डाग पडायचे, ब्रश कोरडा व्हायचा, रंग एकाला एक लागून वाहायचे. ते मात्र तिला शिकवावंच लागलं, नेहमीसारखं, वैताग येईपर्यंत. पोराच्या घरातून सुरू करा याचा अर्थ घरातच थांबा असा नाहीये, नाहीतर मग शाळेत कशाला यायचं.

हे मला एका आगरी आईने तोंडावर ऐकवलंय. तिची सासू धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून एकेका विधीला धवला गाणारी बाई, आता डीजे आणि बेंजोपुढे तिचा आवाज कोणाला ऐकू येत नाही ते सोडा, पण अजून आहेत काही. मी उत्साहाने म्हटलं नातीला आजीकडून धवले शिकवूया, शाळेत सादर करूया. तर ती आई म्हणाली, "बाय, ता आमचे घरान हाय ना. शालेन पोरीला दुसरा शिकव." बरोबर होती ती. त्या मुलीला कीबोर्ड शिकायचा होता. ज्यांच्याकडे घरात कला आहे त्यांना शाळेने तीच परत विकू नये. उलट धवला कोणी ऐकायला पाहिजे तर त्याच वर्गातल्या साताऱ्याच्या माथाडी कामगाराच्या मुलाने आणि चौथ्या मजल्यावरच्या ओडिया मुलाने, कारण ते आगऱ्यांच्या गावात राहतात आणि त्यांना तो कधी कानावर पडलेला नाही.

पण मग त्या आजीला बोलवायचं तर कसं बोलवायचं? एका शाळेत मी हे घडवून आणलं होतं, नाव नाही सांगत. आजी दीड तास गायली, मुलांनी प्रश्न विचारले, आजीने एका मुलाला नवरदेव करून पाटावर बसवलं. आणि शेवटी तिला शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं फूल. त्याच आठवड्यात व्यक्तिमत्त्व विकासावर बोलायला एक टाय लावलेले गृहस्थ आले होते त्यांना पाकीट. आजीला कोणी पाकीट द्यावं असं कोणाच्या डोक्यात पण आलं नाही, माझ्याही नाही, रिक्षात बसताना आलं. दहावीला शास्त्रीय संगीत-नृत्याला, लोककलेला पण सवलतीचे मार्क आहेत, चांगली गोष्ट आहे, पण त्याला मान्यता असलेल्या संस्थेचं सर्टिफिकेट लागतं. आजीकडे कसलं सर्टिफिकेट.

आता जे मला जास्त बोचतं ते. संस्कृती-संस्कृती करताना आपण विसरतो की पोराच्या शरीराची पण एक गरज असते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, हुशार, रेष पक्की, पण रंगात कायम गोंधळ. पानं तपकिरी, एकदा तर गवत जवळजवळ विटकरी. मी त्याच्या वहीत लाल पेनने लिहिलं, "पानं हिरवी असतात. लक्ष दे." तीन वेळा लिहिलंय. पुढच्या वर्षी त्याचा मोठा भाऊ रेल्वेच्या भरतीत मेडिकलला बाद झाला, ते ठिपक्यांमधले आकडे वाचायला लावतात ना त्यात, आणि मग घरच्यांना कळलं की धाकट्याला पण लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. हे आईकडून येतं पण दिसतं बहुतेक मुलग्यांमध्ये, मुलींत फार कमी. म्हणजे मुलग्यांच्या प्रत्येक मोठ्या वर्गात असं एखादं पोर असण्याची शक्यता धरूनच चालायला पाहिजे. आणि मी त्याला लाल पेनने सांगत होते की हिरवं नीट बघ.

तो इतकी वर्षं कसं निभावत होता माहितीये? पेस्टलवरच्या कागदावर नाव छापलेलं असतं ते वाचून. माझा नियम होता की वर्गात पेस्टलचे कागद काढून टाकायचे, आडवे घासता यावेत म्हणून. त्या दिवसापासून त्याचे रंग बिघडले होते. मी नियम काढला, रंगांवर चिकटपट्टीने नावं लावली, आणि त्याला कोळसा आणि शेडिंगकडे वळवलं, कारण उजेड-अंधाराची जी समज त्या मुलाला होती ती माझ्या ए ग्रेडवाल्यांना नव्हती. यात काहीही खर्च नाही. एक चिकटपट्टी. पण ते कळायला मला एक वर्ष आणि त्याच्या भावाची नोकरी लागली.

तसंच शाडूच्या गणपतीचं. दरवर्षी गणपतीच्या आधी सगळीकडे कार्यशाळा, पर्यावरणपूरक वगैरे, आणि पन्नास पोरं ओळीत बसून माती मळतात. एक स्वमग्न मुलगी ओल्या मातीला हात लावायची नाही, लावला तर किंचाळायची, आणि सगळे म्हणायचे हिला बाहेर बसवा. तिच्या आईनेच उपाय सांगितला, माती झिपवाल्या पिशवीत घालून द्या. पिशवीवरून तिने सोंड केली, कान केले, मग पिशवी कापून काढली. आता ह्याच कार्यशाळेत मुसलमान मुलं असतात, त्यांचं काय करायचं यावर स्टाफरूममध्ये दोन मतं, एक म्हणतात कलेला धर्म नसतो सगळ्यांनी करा, दुसरे म्हणतात त्यांना वेगळं बसवून होडी द्या. मी काय केलं, विचारलं. एक मुलगा म्हणाला मी मोदक आणि उंदीर करतो, एक मुलगी म्हणाली मला गणपतीच करायचाय, आमच्या बिल्डिंगमध्ये बसतो, आणि एक म्हणाला घरी चालणार नाही, त्याने कासव केलं. तीन पोरं तीन उत्तरं. दोन्ही मतांच्या लोकांनी पोरांना विचारलेलंच नव्हतं.

आता लोक म्हणणार मॅडम, तुमच्या क्लासला एका वेळी बारा पोरं, शाळेत साठ, प्रत्येकाला वेगळं विचारत कोण बसणार. अगदी बरोबर, आणि हाच खरा मुद्दा आहे. आठवड्याला चित्रकलेचा एक तास, ३५ मिनिटांचा. साठ पोरं. कागद वाटणं, पाणी आणणं, पाणी सांडणं धरलंच नाही तरी प्रत्येक पोराच्या वाट्याला ३५ सेकंद. त्यात मी टिक्की कधी विचारणार? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरावर पटसंख्या असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक हवेत. अंशकालीन! म्हणजे कायद्यानेच मान्य केलं की ह्या माणसाने अर्धवेळ यावं आणि जावं. शंभराच्या आत पट असेल तर तेवढंही नाही. जो माणूस तासिकेवर तीन शाळा फिरतो, दिघ्याहून घणसोली, तिथून ऐरोली, त्याला पोरांची नावं पाठ होईपर्यंत मार्च येतो. मी ते केलंय. मला त्या रंग न दिसणाऱ्या मुलाचं नाव सप्टेंबरपर्यंत येत नव्हतं, त्याला मी तिसऱ्या बाकावरचा म्हणायचे.

त्यामुळे धोरणात "वैविध्य" शब्द किती वेळा आलाय हे मला कोणी सांगू नका. मला हवंय ते एवढंच की शाळेला पूर्ण वेळेचा, निदान तीन-चार वर्षं एकाच पोरांबरोबर राहणारा कलाशिक्षक द्या. धवलारीण आजी, झोटीवाल्या काकू, विटाव्याचा बेंजो पार्टीत ढोलकी वाजवणारा दादा यांना बोलवायला वर्षाचे चार पैसे वेगळे ठेवा आणि ते पाकिटात घालून द्या. ढोलकीवाल्या दादाचं मुद्दाम म्हणतेय, आमच्या संगीताच्या तासाला पोरं सा-रे-ग म्हणत पेंगतात आणि तेच पोरगं रात्री हळदीत सहा मात्रांचा ठेका बोट न चुकवता वाजवतं, त्याला फक्त कोणीतरी सांगायला पाहिजे की बाबा तू जे वाजवतोस त्याला मोजता येतं, लिहिता येतं आणि त्याच्याच जवळचं काहीतरी दादरा नावाने शास्त्रीयवाले पण वाजवतात. आणि स्मरणचित्राला विषय देताना पोराला त्याच्या घराच्या खिडकीत उभं राहता येईल असा द्या. निसर्गदृश्य नको, "तुमच्या घरातून दिसणारा डोंगर" द्या, डोंगर दिसत नसेल तर जे दिसतं ते. आणि तपासणाऱ्याला सांगून ठेवा की डोंगर अर्धा असू शकतो.

शिक्षक मिळेपर्यंत मी स्वतःपुरतं एक सुरू केलंय. जूनमध्ये प्रत्येक घरी एक कागद पाठवते, चार प्रश्न. घरी कोण काय हाताने बनवतं. पोराला कशाला हात लावायला आवडत नाही. कुठले रंग गोंधळात टाकतात. आणि काय काढलेलं चालणार नाही. उत्तरं मजेशीर येतात. पप्पा पीओपीच्या सिलिंगचं काम करतात. मम्मी फॉल-पिको. नाना टोपल्या विणायचे आता नजर नाही. एकाने लिहिलं, भाऊ गाडीवर स्टिकर कापून लावतो, आणि तो भाऊ येऊन पोरांना ब्लेड कसं धरायचं ते इतकं नीट दाखवून गेला की मी मागे उभं राहून शिकले.

पण सगळ्यात जास्त उत्तर येतं ते "काही नाही". ह्या वर्षी ४१ कागदांपैकी २३ वर काही नाही. मागच्या वर्षी अशाच एका काही नाहीवाल्या आईला फोन केला, ती म्हणाली खरंच काही नाही येत हो मॅडम, सीझनला झेंडूची तोरणं करते तेवढंच. किती करता? दसऱ्याला तीनशे. मग मी विचारलं की पिवळं-केशरी कुठल्या हिशोबाने लावता, तर वीस मिनिटं बोलत होती, आंब्याचं पान कुठे आणि का, लांबून उठून दिसायला काय करायचं, स्वस्तातलं तोरण कसं ओळखायचं.

२३ पैकी अकरा फोन झालेत. बाकीचे रविवारी, दुपारनंतर, कारण सकाळी बायकांना वेळ नसतो.